वाचून झाल्याची खूण

१

आमच्या वाचनालयात दोन पाट्या आहेत. बाहेरच्या पाटीवर 'लहान मुलांसाठी व मोठ्यांसाठी निवडक पुस्तके' असं लिहिलंय. त्यातलं 'निवडक' साफ खोटं आहे. वडिलांनी मिळेल ते घेतलं आणि त्यांच्या मागं मीही तेच केलं. त्यामुळे आतल्या खोलीत कादंबऱ्या, चरित्रं, लोणची-मसाल्यांची पुस्तकं, राशिभविष्य आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं एकमेकांना खेटून उभी असतात, आणि दाराजवळच्या ठेंगण्या कपाटात मुलांची पुस्तकं. दुसरी पाटी माझी स्वतःची. 'पुस्तकात खुणा करू नयेत. आपली स्मरणशक्ती हा वाचनालयाचा विषय नाही.'

ही पाटी लावायला कारण आहे. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाचकांना एक खोड असते. वाचून झालेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून ते त्यात कुठंतरी आपली खूण करून ठेवतात. कोणी ठरलेल्या पानाच्या आकड्याखाली टिंब देतं, कोणी शेवटच्या ओळीपाशी फुली मारतं. मग पुस्तक निवडताना कपाटापाशी उभं राहून तेवढंच पान उघडायचं, खूण दिसली की पुस्तक परत ठेवायचं. आमचे सगळ्यात जुने सभासद बापूराव बारीक त्रिकोण काढतात. निवृत्त माणूस, फक्त रहस्यकथा वाचतात आणि खुनी कोण ते आठवड्यात विसरतात.

मी त्या खुणा खोडते. दुपारी एक ते चार आम्ही बंद असतो. बाहेरगावची माणसं यावरून विनोद करतात, करू देत. सकाळी आठला शटर उघडणाऱ्या बाईला दुपारी कोणाचं तोंड बघायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे. त्या वेळात मी शटर अर्धं ओढते, डबा खाते आणि खोडरबर घेऊन बसते. मी त्रिकोण खोडल्यामुळे बापूरावांनी एकदा तेच पुस्तक पुन्हा नेलं आणि माझ्याशी कडाडून भांडले. मला फार बरं वाटलं.

दुपारी माझ्याबरोबर सृष्टी असते. माझा धाकटा भाऊ राजस आणि त्याची बायको दोघंही हिंजवडीला नोकरीला, त्यामुळे शाळेची व्हॅन त्यांच्या मुलीला माझ्याकडं सोडते आणि संध्याकाळी राजस तिला घेऊन जातो. आठ वर्षांची आहे. शाळेतून आली की आधी वेण्या सोडते, मग चटई पसरते, मग नखं खाते. नखं इतकी खाल्लेली की बोटांच्या टोकांना नुसतं लाल मांस. मी कडुलिंबाचा रससुद्धा लावून पाहिला. ती म्हणाली, "आत्तू, चटणी दे ना यावर."

पुस्तक वाचून झालं की ती मला गोष्ट सांगते आणि कधीही पुस्तकात आहे तशी सांगत नाही. राजकन्या राक्षसाशी भागीदारीत हॉटेल काढते. प्रामाणिक लाकूडतोड्या तिन्ही कुऱ्हाडी घेऊन पळून जातो. मला मुलं नाहीत, लग्नच केलं नाही, आणि माणसं मला एकूणच कमी आवडतात. पण ही मुलगी गोष्ट सांगायला लागली की माझा जीव तिच्यात अडकून पडतो. तेवढं एक माझ्याकडं आहे.

२

दिवाळी संपली की सभासद दिवाळी अंकांवर तुटून पडतात आणि पुस्तकं कपाटात निवांत असतात. तेव्हा मी ती झटकायला काढते. या वेळी भिंतीकडच्या पहिल्याच कप्प्यातल्या पुस्तकात मला ती खूण दिसली.

शेवटच्या ओळीनंतर जी मोकळी जागा असते, तिथं नखानं दाबलेली चंद्रकोर. पेन नाही, पेन्सिल नाही. इतकी खोल की मागच्या पानांवरही उठली होती. शेजारच्या पुस्तकात तीच. त्याच्या शेजारच्यात तीच. रबरानं दाब जात नाही. मी घरून इस्त्री आणली, पानावर ओलसर फडकं घालून फिरवली. पान सपाट झालं. इस्त्रीची वायर गुंडाळेपर्यंत चंद्रकोर पुन्हा वर आली होती. जुना कागद हट्टी असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी बापूराव आले, तेव्हा मी पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं.

"ही काय नवी कला बापूराव?"

त्यांनी चष्मा वर केला. "ही माझी नाही. माझा त्रिकोण असतो. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच खोडता."

"खोडता येऊ नये म्हणून बदलली असेल."

त्यांनी दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले. "बघा. दर रविवारी सून माझी नखं काढते. मुळापासून. वर म्हणते, बाबा हलू नका. या नखांनी मला संत्रं सोलता येत नाही श्यामलाताई, तुमच्या पुस्तकाला काय भोक पाडणार?"

नखं खरंच नव्हती. मी माफी मागितली नाही, मागत नाही.

"आणि एक सांगतो," ते म्हणाले. "परवा नेलेलं पुस्तक मी अर्ध्यात सोडलं. त्यात काही नाही."

"खून नाही?"

"खून आहे. इन्स्पेक्टर आहे, मोलकरीण आहे, सगळं आहे. पण वाचताना काही होत नाही हो. बाई मरते आणि मी पान उलटतो. आजवर असं कधी झालं नाही."

"वय झालं तुमचं."

"ते तर झालंच," ते म्हणाले. "पण तुमच्या पुस्तकांचंही झालेलं दिसतंय."

ते गेल्यावर त्यांनी परत केलेलं ते पुस्तक मी उघडलं. शेवटच्या पानावर चंद्रकोर होतीच. मग मधलं एक पान वाचलं. अक्षरं जागेवर होती. वाक्यं बरोबर होती. नदी, होडी, होडीत भांडणारे दोन भाऊ. मी ते पान तीनदा वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ना नदी आली ना होडी. दळण टाकून आल्यावर रिकामा डबा हातात घ्यावा तसं ते पुस्तक हलकं वाटलं. मी ते परत ठेवलं आणि हात धुतले. का धुतले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

३

आवाज त्यानंतर ऐकू यायला लागला.

काही वाचकांना थुंकी लावून पान उलटायची सवय असते. मला त्या सवयीची शिसारी आहे. आधी जिभेचा च् असा आवाज, मग बोट कागदावर घासल्याची बारीक खरखर, मग पान. दुपारी शटर अर्ध्यावर होतं, रस्त्यावरच्या स्कूटर थंडावल्या होत्या, आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला. च्. खरखर. पान.

"सृष्टी, थुंकी लावू नकोस," मी डबा बंद करत म्हणाले.

"मी झोपलेय," सृष्टी म्हणाली. ती माझ्या पायांशी चटईवर होती.

मी उठून आत गेले. आतल्या खोलीला खिडकी नाही, वर एक झरोका आहे. मधे वेताची खुर्ची असते, सभासदांनी पुस्तक चाळायला. खोलीत कोणी नव्हतं. पाल असेल, मी म्हटलं, पाल चुकचुकते तेव्हा असाच आवाज येतो. ट्यूबलाइट लावली, भिंती बघितल्या. पाल नव्हती. खुर्चीचा वेत मात्र मधोमध खाली दबलेला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत सावकाश वर येत होता.

वेत जुना आहे. हवेत गारठा आला की ताणतो. मी हे अगदी मोठ्यानं म्हटलं. ज्या पुस्तकाजवळ खुर्ची होती, ते उघडलं. पानांचे खालचे कोपरे ओले होते.

मी घाबरले. हे मी सरळ सांगते, कारण मी सहसा घाबरत नाही. पण भीतीच्या जोडीनं मला संतापही आला. बंद असताना आत येऊन बसायचं, थुंकी लावायची, खुणा करायच्या. सभासद नाही, ओळख नाही, आणि चव तर अजिबात नाही. कारण जे कोणी होतं ते चरित्रही वाचत होतं आणि कैरीच्या लोणच्याचं पुस्तकही. भिंतीकडून सुरुवात केली होती आणि ओळीनं पुढं येत होतं.

४

दुसऱ्या दिवशी नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. मला कामं होती म्हणून दोन दिवस ते आतल्या खोलीत तसंच पडून राहिलं. उघडलं तेव्हा पट्ट्या शाबूत, आतल्या प्लास्टिकला टाचणीचंही भोक नाही. मी प्लास्टिक फाडलं आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान बघितलं. प्रत्येकावर चंद्रकोर. छापखान्याचा वास अजून गेलेला नव्हता आणि पुस्तकं वाचून झाली होती.

मी राजसला फोन केला. मीटिंगमध्ये होता.

"ताई, उंदीर असतील गं. पेस्ट कंट्रोल करून घे, मी ऑनलाइन बुक करतो."

"उंदीर शेवटचं पान गाठून नख मारत नाहीत."

"मग सीसीटीव्ही लाव. ताई, सिरियसली, संध्याकाळी बोलू?"

संध्याकाळी तो बोलला नाही, मीही बोलले नाही. उंदीर म्हणणाऱ्याला पुढं काय सांगणार? मोठ्यांची कपाटं संपत आली होती. सभासद पुस्तकं नेत होते आणि दुसऱ्या दिवशी परत आणत होते. काही वेगळं द्या, यात मन लागत नाही, असं म्हणत होते. दाराजवळचं ठेंगणं कपाट तेवढं बाकी होतं.

ते कपाट सृष्टीचं आहे. मी त्या दुपारी त्याच्यासमोर बसून राहिले आणि मला एकदम कळलं की काय करायचं. इतकी वर्षं मी या पेठेतले वाचक बघत आलेय. खूण दिसली की वाचक पुस्तक परत ठेवतो. तपासत बसत नाही की ही खूण मीच केली की आणखी कोणी.

मी अंगठ्याचं नख लावून मुलांच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चंद्रकोर उठवली. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुणा खोडल्या, तीच मी. नख दुखायला लागलं तरी थांबले नाही.

"आत्तू, पाटीवर काय लिहिलंय?" सृष्टी म्हणाली.

"ती पाटी सभासदांसाठी आहे. ते हातातलं दे इकडं."

"हे नाही. हे मी वाचतेय."

एका कासवाची गोष्ट होती ती. पाठीला खिसा शिवून घ्यायला कासव शिंप्याकडं जातं, आणि शेवटी शिंपी म्हणतो की अरे वेड्या, तुझी पाठ हाच तुझा खिसा. सृष्टीला चित्रं आवडायची. ती पुस्तक छातीशी धरून बसली, तेव्हा मी म्हटलं, राहू दे, तुझं झालं की करू. ते तसंच तिच्या चटईत गुंडाळलेलं राहिलं.

उपाय लागू पडला. आठवडाभर वाट पाहिली. मुलांच्या एकाही पुस्तकाचा कोपरा ओला झाला नाही. मी एकेक उघडून वाचलं. ससा दिसत होता, जंगल दिसत होतं, विहिरीतलं पाणी दिसत होतं. पुस्तकं जिवंत होती. आतला आवाजही बंद झाला. मी स्वतःवर इतकी खूश होते की चितळ्यांकडून बाकरवडी आणली.

आता त्याला वाचायला काही उरलं नाही, हा विचार माझ्या डोक्यात आला होता. पण मला तो फार गोड वाटला.

५

बापूराव नेहमी चारच्या आधी येतात आणि शटरबाहेर उभं राहून घड्याळ दाखवतात. त्या दिवशी बाहेर ऊन होतं, सृष्टीला बरं नव्हतं म्हणून ती आली नव्हती, आणि मी चांगल्या मनःस्थितीत होते. मी त्यांना आत घेतलं.

"सूर्य कुठून उगवला आज?" ते म्हणाले.

"बसा आत. मी दूध घेऊन येते. आणि पेन्सिल खिशातच राहू द्या."

"काय वाचू? तुमच्याकडचं सगळं तर शिळं झालंय."

"मग गप्प बसा. तेही येत नाही तुम्हाला."

ते हसत आत गेले. मी दूध आणलं, वाटेत कोणाशी चार शब्द बोलले, परत आले. बापूराव वेताच्या खुर्चीवर ताठ बसले होते. मांडीवर हात. समोर भिंत.

"चहा टाकू?" मी म्हटलं.

"टाका."

"साखर घालू की सुनेला घाबरता अजून?"

"घाला," ते म्हणाले.

मी थांबले. या माणसानं गेल्या वीस वर्षांत माझं एकही वाक्य बिनउत्तराचं जाऊ दिलं नव्हतं. मी म्हटलं, "बापूराव, तुमचे सगळे त्रिकोण मी काल खोडले." हे खोटं होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. तेच डोळे, तोच चष्मा, मिशीवर तीच तपकिरीची रेघ. सगळं जागेवर होतं.

"बरं," ते म्हणाले. "बरं आहे."

ते उठले, चपला घातल्या आणि जायला निघाले. सदऱ्याच्या कॉलरच्या वर, पांढऱ्या केसांच्या खाली, मला ती चंद्रकोर दिसली. रक्त नव्हतं. मातीच्या भांड्यावर ओलं असताना नख लागावं आणि भांडं तसंच भाजलं जावं, तशी ती कायमची होती.

त्यांच्या सुनेला मी दोन दिवसांनी रस्त्यात गाठलं. म्हणाली, "बाबा ना? खूप शांत झालेत हो. कशाची तक्रार नाही. आम्हालाच कसंतरी वाटतं." आणि ती बिचारी रडायला लागली. कशासाठी रडतेय तेही तिला सांगता येईना.

हे माझ्यामुळं झालं होतं. मी त्याच्यापुढचं ताट उचललं होतं.

६

सृष्टी बरी होऊन उद्यापासून येणार होती. मी त्याच रात्री राजसला सांगितलं की तिला आता पाठवू नकोस. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, माझी तब्येत ठीक नाही. तो म्हणाला, उद्याचा दिवस काढ, परवापासून पाळणाघर बघतो. एक दिवस, मी म्हटलं. एक दिवस मी तिला नजरेआड होऊ देणार नाही.

दुपारी व्हॅन आली. मी शटर पूर्ण वर ठेवलं, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि सृष्टीला माझ्या स्टुलाला चिकटून चटईवर बसवलं. तेवढ्यात कुरियरवाला आला. सही केली, त्याला पेन परत दिलं, एवढाच वेळ. वळले तर चटईवर कोणी नव्हतं आणि आतलं दार उघडं होतं.

च्.

आत ट्यूबलाइट लावलेली नव्हती. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी येत होती. सृष्टी खुर्चीपुढं जमिनीवर बसली होती, केस मोकळे, मांडीवर कासवाचं पुस्तक, मान खाली. ती ओठ हलवत वाचत होती. तिच्या मागं खुर्चीत कोणी बसलं होतं असं मी म्हणणार नाही. वेत दबलेला होता. आणि एक बोट दिसलं.

लांब होतं. खूप वेळ पाण्यात राहिलेल्या हातासारखं पांढरं, सुरकुतलेलं. टोक ओलं होतं. नख रुंद, स्वच्छ, नीट कापलेलं. ते बोट सृष्टीच्या केसांची कड मानेवरून सावकाश उचलत होतं, जसं पान उलटण्याआधी आपण कोपरा उचलतो. घाई नव्हती त्याला. नवं पुस्तक हातात आल्यावर वाचक जसा पहिल्या पानाशी रेंगाळतो, तसं ते रेंगाळलं होतं.

मी ओरडले नाही. ओरडून काय होणार? मी झेप घेतली, सृष्टीचं डोकं छातीशी दाबलं आणि तिच्या मानेत अंगठ्याचं नख रुतवलं. ती किंचाळली. मी आणखी जोरात दाबलं.

ते बोट थांबलं. मग माझ्या हाताच्या अगदी जवळून खाली आलं आणि तिच्या मानेवरची खूण चाचपली. बापूराव आपला त्रिकोण चाचपायचे तशीच. माझ्या मनगटाला त्याचा ओलावा लागला. मग केस पुन्हा मानेवर पडले आणि वेत वर आल्याचा करकर आवाज झाला.

मी तिला उचलून रस्त्यावर आले.

७

वाचनालयाच्या पायरीवर आम्ही बसून राहिलो. समोर झेरॉक्सचं दुकान, क्लासची मुलं, वडापावची गाडी, लख्ख ऊन. सृष्टी हुंदके देत होती.

"मला गोष्ट सांग," मी म्हटलं. "कासवाची."

"तू मला नख मारलंस."

"मारलं. आता सांग. शिंपी काय म्हणाला?"

"शिंपी..." ती नाक पुसत म्हणाली, "शिंपी म्हणाला मला नाही येत खिसा शिवता. मग कासवानं त्याची कात्री गिळली. आणि ते दुसऱ्या गावाला गेलं आणि स्वतःच शिंपी झालं. आणि सगळ्यांना वाकडे कपडे शिवायला लागलं."

मला रडू फुटलं. रस्त्यात, उघड्यावर, माझ्या वयाला. मी तिचे केस बाजूला करून मान बघितली. आणि माझं रडू तिथंच थांबलं.

खूण पुसट झाली होती. कागदावरचा दाब राहतो. कातडीवरचा भरून येतो. हे मला सुचायला हवं होतं.

स्कूटरींच्या हॉर्नमधे, अगदी जवळ, माझ्या खांद्यामागं तो आवाज आला. च्.

मी पुन्हा नख दाबलं.

ऊन उतरेपर्यंत मी किती वेळा दाबलं ते मला माहीत नाही. ती आधी ओरडली, मग विनवण्या करायला लागली. "आत्तू, मी पुन्हा आत नाही जाणार. आत्तू, मी नखं नाही खाणार." झेरॉक्सवाला उठून बघायला लागला. मी तिला मांडीत धरून ठेवलं आणि खूण भरू दिली नाही. शेवटी कातडी फाटली आणि मला बरं वाटलं, कारण जखम टिकते.

राजस गाडीतून उतरला तेव्हा ती त्याच्याकडं धावली. त्यानं तिचे केस वर केले.

"ताई, हे काय आहे? ब्लड आहे इथं! कोणी केलं?"

"मी केलं. ऐक माझं. हे भरून येऊ देऊ नकोस. रोज दुपारी तिच्या मानेवर..."

"वेडी झालीस तू?"

"नख लावायचं राजस. खोल. मला नंतर काय हवं ते म्हण, पण..."

त्यानं मला ढकललं. माझ्या भावानं, ज्याला मी वाचायला शिकवलं. भर रस्त्यात पायरीवर ढकललं. "डॉक्टरला दाखव स्वतःला," तो म्हणाला. "आणि माझ्या मुलीच्या आसपास दिसू नकोस."

त्यानं तिला गाडीत बसवलं. मग परत येऊन चटईजवळचं तिचं दप्तर उचललं, आत पडलेलं तिचं पुस्तकही त्यात कोंबलं आणि गेला.

८

तेव्हापासून वाचनालय अगदी शांत आहे. मी दुपारभर आतल्या खोलीत बसते, वेताच्या खुर्चीसमोर, मुद्दाम. बसवत नाही तरी बसते. ये, म्हणते, मी आहे. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, वाचायला पुष्कळ आहे माझ्यात. कोणी येत नाही. ठेंगण्या कपाटात एक फट आहे, कासवाच्या पुस्तकाएवढी. ते एकच पुस्तक मी खूण न करता ठेवलं होतं, आणि ते राजसच्या घरी गेलं.

रोज फोन करत होते. तो उचलत नव्हता. सलोनीला, त्याच्या बायकोला, मेसेज केले, की ते पुस्तक जाळा. तिनं मला ब्लॉक केलं. त्यांच्या सोसायटीपाशी गेले तर वॉचमननं आत सोडलं नाही. त्याला माझा फोटो दिलेला होता.

आज दुपारी राजसचा फोन आला. आवाज निवळलेला होता.

"ताई, कशी आहेस? हे बघ, झालं गेलं सोडून दे. मीही जरा जास्तच बोललो. सृष्टीच म्हणाली तुला फोन लाव. तुला गोष्ट सांगायची आहे म्हणे."

"दे तिला," मी म्हटलं.

"हॅलो आत्तू," सृष्टी म्हणाली. "एका तळ्यात एक कासव राहत होतं. त्याला वाटे, आपल्या पाठीला एक खिसा असावा. एके दिवशी ते गावातल्या शिंप्याकडं गेलं."

"मग त्यानं कात्री गिळली ना?" मी म्हटलं. "सृष्टी? कात्री गिळली ना त्यानं?"

"शिंपी हसून म्हणाला, अरे वेड्या, तुझी पाठ हाच तुझा खिसा. कासवाला आपली चूक समजली. ते आनंदानं तळ्याकडं परतलं."

शब्द न् शब्द पुस्तकातला होता. प्रत्येक वाक्याच्या आधी तिनं जिभेनं च् असा आवाज केला होता.

"बरं आहे," ती म्हणाली आणि फोन बापाकडं गेला.

"ऐकलंस?" राजस म्हणाला. त्याचा आनंद फोनमधून ऐकू येत होता. "किती शहाणी झालीये! हट्ट नाही, चिडचिड नाही. आणि तुला तर खरंच वाटणार नाही, नखं खायची बंद झाली. एकदम मस्त वाढवलीयेत. तुझ्याकडं यायचंय म्हणते. शनिवारी दुपारी सोडतो तिला, मी बाहेर गाडीतच थांबेन. चालेल ना? तू एक ते चार मोकळीच असतेस."

मी अंबाडा सोडला, तिला उचलायला कोपरा असावा म्हणून केस मानेवर ओढून घेतले आणि त्याला म्हटलं, चालेल, सोड.